थेटरात हुकलं ते

मागच्या अंकात आम्ही पानाच्या कोपऱ्यात सहज एक ओळ टाकली होती, की कोरोनाच्या काळात थेटरात बघायचा राहून गेलेला आणि अजून मनात खुपणारा एखादा पिक्चर आहे का, असेल तर कळवा. कोपऱ्यातलं कोण वाचतंय असं वाटलं होतं. तर काय सांगू, मेलबॉक्स भरला. तक्रारी, याद्या, नवराबायकोची भांडणं, एकाने तर टीव्हीचा फोटो पाठवलाय मागच्या वायरींसकट. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जमलं तेवढं देते.

ताई, मी एक यादी केलीय. २०२० च्या मार्चपासून थेटरात बघायचे म्हणून जे जे ठरवलं होतं आणि राहिलं, ते सगळं लिहीत गेले. सध्या ११२ नावं आहेत. रोज रात्री टीव्हीसमोर बसते, अर्धा तास यादी वरखाली करते, ट्रेलर बघते आणि शेवटी आधी चार वेळा बघितलेलंच काहीतरी लावून झोपते. सुरुवात कुठून करू? – यादीवाली

यादीवाली, यादी फाडू नका पण ती तारखेच्या क्रमाने बघणं आधी बंद करा. तारखेने गेलं की त्याचा सिलॅबस होतो, आणि मग आपण जन्मात कुठला सिलॅबस वेळेत पूर्ण केलाय? मीही हेच केलं होतं, वहीत, रकाने आखून, आणि सहा महिन्यांत चारच नावांपुढे टिक झाली होती.

मग मी काय केलं, तर प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारला. थेटरात न बघितल्यामुळे या पिक्चरचं नक्की काय गेलं? उत्तरं फिरून फिरून तीनच येतात. एकतर पडदा गेला, नाहीतर गर्दी गेली, नाहीतर काहीच गेलं नाही.

काहीच गेलं नाही हा ढीग सगळ्यात मोठा निघतो आणि सुरुवात तिथूनच करायची. ‘फर्स्ट काऊ’ घ्या. अमेरिकेत ६ मार्च २०२० ला लागला, आठ-दहा दिवसांत थेटरं बंद झाली आणि बिचारा कोणाला दिसायच्या आतच गायब. दोन गरीब माणसं, त्या मुलखातली एकुलती एक गाय, आणि तिचं रात्री चोरून काढलेलं दूध, एवढीच गोष्ट. फ्रेम जवळजवळ चौकोनी, जुन्या टीव्हीसारखी. त्यातला एक माणूस अंधारात गाईखाली बसून दूध काढताना तिच्याशी हळू आवाजात बोलतो, तिचा जोडीदार वाटेतच मेला त्याचं वाईट वाटलं म्हणतो, आणि हा सीन मी घरी, दिवे बंद करून, एकटीने बघितला. मला नाही वाटत थेटरात याहून काही जास्त मिळालं असतं. ‘मिनारी’ याच ढिगात. ‘द फादर’ पण, त्याच्याबद्दल पुढे एका प्रश्नात बोलायचंय. आणि आपल्या मराठीतला ‘द डिसायपल’, ज्याला २०२० मध्ये वेनिसच्या फेस्टिव्हलात पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला, तोही घरीच बघा फक्त चांगले हेडफोन लावून. त्यातला शास्त्रीय गाणं शिकणारा मुलगा रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून बाईक चालवतोय, सगळं संथ झालंय, कानात माईंच्या, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंच्या, जुन्या रेकॉर्डिंगमधला आवाज आणि खाली तानपुरा, हे टीव्हीच्या पुठ्ठ्यासारख्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे पापच.

पडदा गेला तो ढीग छोटा आहे आणि तिथे मात्र मी म्हणेन थांबा. ‘ड्यून’चा पहिला भाग. त्यात तासाभराहून जास्त भाग आयमॅक्सच्या, म्हणजे त्या अवाढव्य पडद्याच्या थेटरांच्या, उंच फ्रेमसाठी होता, घरी जी आवृत्ती मिळते त्यात ती उंची कापलेली, आडवी पट्टी तेवढी राहते. म्हणजे तुमचा टीव्ही कितीही मोठा असो, ते वाळवंट तिथे नाहीच आहे, तुम्ही आणणार कुठून? ‘टेनेट’चं थोडं वेगळं, त्याच्या ब्लू-रे डिस्कवर आयमॅक्सचे सीन आले की चित्र खरंच मोठं होऊन स्क्रीन भरतं. पण मी तो टॅबवर बघितला होता, मांडीवर ठेवून, मध्येमध्ये मेसेज वाचत, आणि काही कळलं नाही म्हणून डायरेक्टरला नावं ठेवली. आता हे दोन्ही पिक्चर २०२४ च्या फेब्रुवारीत परदेशात बऱ्याच ठिकाणी पुन्हा थेटरात लागले होते, एक त्याचा दुसरा भाग येणार म्हणून आणि दुसरा नुसताच. म्हणजे हा ढीग हुकलाय असं समजूच नका. पुढचा भाग येतो, वर्षपूर्ती येते, एखाद्या थेटरवाल्याला आठवडा रिकामा मिळतो, आणि लावतात. या नावांपुढे ‘परत लागेल तेव्हा’ असं लिहा आणि निवांत व्हा.

राहिली गर्दी. हे सगळ्यात अवघड. ‘अ क्वाएट प्लेस’चा दुसरा भाग २० मार्च २०२० ला येणार होता, लागला थेट २०२१ च्या मे महिन्याच्या शेवटी. माझ्या फोनमध्ये अजून त्या पहिल्या तारखेच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट आहे. त्या पिक्चरची सगळी मजा कशात, तर तीनशे माणसं एकदम गप्प बसलीयत आणि कोणाची तरी खुर्ची कुरकुरली की सगळे दचकतात यात. घरी फ्रिजचा आवाज येतो. विनोदी पिक्चरचं तेच, एकट्याला हसू येतं पण फुटत नाही. यावर उपाय एकच, चार माणसं बोलवा. दोन पण चालतील. आणि फोन दुसऱ्या खोलीत.

हे तीन ढीग करताना एक चौथा आपोआप होतो. त्यात अशी नावं पडतात जी आपल्याला कधी बघायचीच नव्हती, फक्त पोस्टर रोज दिसत होतं म्हणून यादीत शिरली. माझी वीसेक गेली त्यात. छान वाटलं.

आमच्याकडे पिक्चर लावला की रिमोट माझ्या हातात आणि नवऱ्याचं “वाढव, कमी कर, वाढव” सुरू. माणसं बोलतात ते ऐकूच येत नाही, आणि वाढवलं की धडाम करून गाडी उडते आणि सासूबाई आतून ओरडतात. थेटरात असं कधी होत नव्हतं, मग आमचा टीव्ही खराब आहे का आमचे कान? – रिमोटधारी

दोन्ही ठीक आहेत. (कान एकदा तपासून घ्या म्हणजे सासूबाईंना सांगता येईल.)

होतं काय, की थेटरात आवाजाची पातळी ठरलेली असते. साधारण आवाज ८५ डेसिबलच्या आसपास आणि मोठ्यात मोठा धमाका १०५ पर्यंत, आणि मिक्सिंग करणारा माणूस पण तेवढ्याच पातळीवर बसून कुजबुज केवढी आणि स्फोट केवढा हे ठरवतो. त्या पातळीला कुजबुज नीट ऐकू येते. घरी आपण सगळंच निम्म्याहून खाली लावतो, मग स्फोट बेताचा होतो आणि कुजबुज सोफ्याखाली जाते. त्यात थेटरात बोलण्यासाठी पडद्याच्या मागे मधोमध वेगळा स्पीकर असतो, तुमच्या टीव्हीत दोन छोटे स्पीकर, ते पण बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून, म्हणजे हिरो तुमच्याशी नाही, भिंतीशी बोलतोय.

आता करायचं काय. आधी टीव्हीच्या किंवा ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा आवाज ५.१ वर, म्हणजे चहूबाजूंच्या सहा स्पीकरांसाठी, आहे का, आणि घरात नुसता टीव्हीच असेल तर तो स्टिरिओवर टाका, यानेच निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो. मग ‘नाइट मोड’ किंवा ‘व्हॉल्यूम लेव्हलिंग’ असं काहीतरी असतं ते चालू करा, त्याने मोठे आवाज दाबले जातात आणि छोटे वर येतात. जाणकार मंडळी नाक मुरडतात, म्हणतात पिक्चरचा जीव जातो. जातो थोडा. पण घरात शांतता राहते. पैसे घालायचेच असतील तर मोठ्या टीव्हीत घालण्याआधी मध्ये वेगळा स्पीकर असलेल्या साउंडबारमध्ये घाला, हे माझं ठाम मत आहे आणि यावर मी भांडायला तयार आहे.

आणि सबटायटल लावा हो, लाज कसली. ‘टेनेट’मध्ये तर अर्ध्या वेळा माणसं मास्कच्या आडून बोलतात आणि वर ते म्युझिक, थेटरात बघितलेल्या लोकांनी पण हीच तक्रार केली होती, म्हणजे तुम्ही काही मागे नाही.

एक पिक्चर मात्र मुद्दाम सांगते, ‘साउंड ऑफ मेटल’. एक ड्रमर, त्याचं ऐकू येणं जातं. आपल्याला त्याच्या कानातून ऐकवतात, म्हणजे समोरचा बोलतोय पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा, आणि पुढे ऑपरेशननंतर सगळं पत्र्यावर खरवडल्यासारखं ऐकू यायला लागतं. त्याला साउंडचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. तो नवऱ्याबरोबर नका बघू, एकट्या बघा, हेडफोन लावून, आणि रिमोट लांब ठेवा कारण त्यात आवाज गेला की तो तुमच्या टीव्हीचा दोष नसतो. मी पहिल्यांदा उठून वायर हलवून बघितली होती.

नवीन टीव्ही घेतला, मोठा, खास हे राहिलेले पिक्चर बघायला. पण त्यावर कोट्यवधीचा पिक्चर पण दुपारच्या सिरियलसारखा दिसतो. सगळं गुळगुळीत, सेट लावलाय हे कळतं. काय चुकलं? – नव्या टीव्हीचा मालक

काही चुकलं नाही, टीव्ही जरा जास्तच हुशार आहे. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही त्या दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी फ्रेम बनवून घालतो. क्रिकेटला छान, पिक्चरला विष. बंद करा. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, कोणी ‘ऑटो मोशन प्लस’ म्हणतं, कोणी ‘ट्रूमोशन’, कोणी ‘मोशनफ्लो’, म्हणजे मेनूत मोशन शब्द दिसला की तिथे जाऊन सगळं शून्यावर आणायचं. टॉम क्रूझने २०१८ मध्ये चक्क विमानाच्या शूटिंगच्या कपड्यात उभं राहून व्हिडिओ केला होता याच विषयावर, की बाबांनो हे बंद करा. काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, ते एक बटण दाबलं की हे सगळं एकदम बंद होतं.

आणि तुमच्या फोटोवरून दिसतंय की सोफा पार मागच्या भिंतीला आहे. ५५ इंची टीव्ही असेल तर साडेपाच ते साडेसात फुटांवर बसायला पाहिजे, तेव्हा कुठे थेटरच्या मधल्या रांगेसारखं वाटतं. सोफा सरकवा. नव्या टीव्हीपेक्षा जास्त फरक पडेल आणि फुकटात.

माझी मुलगी दीड वर्षाची आहे. सलग दोन तास म्हणजे स्वप्न. वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यात बघितलं तर चालतं का? की तो अपमान आहे? बायको म्हणते अपमान. मी म्हणतो मग जन्मभर बघूच नको का. आणि खरं सांगायचं तर चाळीस मिनिटं झाली की मला झोप लागते. – झोपाळू बाप

बायको अर्धी बरोबर आहे.

काही पिक्चर तुकड्यांचेच असतात. ‘द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड’ २०२१ चा, नॉर्वेचा, त्यात आधी प्रस्तावना, मग बारा प्रकरणं, मग उपसंहार, प्रत्येकाला नाव. एक प्रकरण, मुलगी उठली, थांबवा, दुसऱ्या दिवशी पुढचं. कादंबरी वाचतो तसं. ‘ड्राइव्ह माय कार’ १७९ मिनिटांचा आहे, ऐकूनच तुम्हाला जांभई आली असेल, पण त्यात गंमत अशी की पाट्या, म्हणजे नावं वगैरे, चाळीस मिनिटं झाल्यावर येतात. तोपर्यंतचं सगळं नुसतं आधीचं. म्हणजे तुमच्या झोपेची वेळ डायरेक्टरने आधीच धरलीय, नावं आली की झोपा, दुसऱ्या दिवशी खरा पिक्चर सुरू करा.

पण ‘द फादर’ तुकड्यात बघू नका, कृपा करा. एका म्हाताऱ्या माणसाला विस्मरण होत चाललंय आणि आपण त्याच्या डोक्यात आहोत. घर तेच, पण सामान हळूच बदलतं, भिंतीचा रंग बदलतो, मुलगी म्हणून एक बाई आत येते आणि ती आधीची बाई नसते. तुम्ही मध्ये दोन दिवसांची सुट्टी घेतलीत तर तुम्हाला वाटेल मीच विसरलो, आणि सगळा खेळच बिघडेल. सलग बघितलंत तर मात्र तुम्हालाही कळत नाही की तुम्ही विसरताय का तो. दीड तासाच्या थोडा वर आहे फक्त. मुलीला एक दिवस आजीकडे पाठवा. अँथनी हॉपकिन्सला ८३ व्या वर्षी त्यासाठी ऑस्कर मिळालं, तुम्ही ९७ मिनिटं जागे राहू शकता.

भीतीचे आणि रहस्याचे पण सलगच. बाकी सगळं तुकड्यात चालवा, बायकोला सांगा मी सांगितलंय.

काही पिक्चर घरबसल्या दुसऱ्याच दिवशी मिळाले, काहींसाठी दोन-दोन वर्षं थांबवलं. हे कोण ठरवत होतं? तेव्हा काही कळलंच नाही, सगळं धूसर झालंय. – तपशीलवाला

प्रत्येक जण आपापलं ठरवत होता आणि एकमेकांवर चिडत होता, हे खरं उत्तर.

आधी कसं होतं, की पिक्चर थेटरात लागला की साधारण तीन महिने घरी मिळायचा नाही. हा अलिखित नियम होता आणि थेटरवाल्यांचा जीव त्यात होता. मार्च २०२० ला थेटरं बंद झाली तेव्हा ‘द इन्व्हिजिबल मॅन’ तीनच आठवडे झाले होते लागून, तो युनिव्हर्सल स्टुडिओने तसाच उचलून २० मार्चला घरी भाड्याने द्यायला सुरुवात केली. मग एप्रिलमध्ये लहान मुलांचा ‘ट्रोल्स वर्ल्ड टूर’ तर थेटरची वाट न बघताच घरी आणला. त्यावर अमेरिकेतली सगळ्यात मोठी थेटर चेन एवढी भडकली की युनिव्हर्सलचा एकही पिक्चर यापुढे लावणार नाही म्हणाली. तीन महिन्यांत जुलैला दोघांचं पॅचअप, आणि करार काय, तर १७ दिवस थेटरात, मग घरी द्यायला मोकळे. नव्वद दिवसांचे सतरा. तिथून तो नियम जो मोडला तो परत कधी पहिल्यासारखा जोडला गेला नाही.

वॉर्नर स्टुडिओने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की २०२१ चे सगळे १७ पिक्चर अमेरिकेत थेटरात आणि त्यांच्या एचबीओ मॅक्स ॲपवर एकाच दिवशी. त्यात ‘ड्यून’ पण आला. डायरेक्टर लोक जाम चिडले, काहींना तर जाहीर झाल्यावरच कळलं. डिस्नेने ‘ब्लॅक विडो’ तसाच काढला तर स्कार्लेट जोहान्सन कोर्टात गेली, कारण तिचे पैसे थेटरच्या गल्ल्यावर ठरलेले, नंतर ते बाहेरच मिटलं.

आणि जे थांबले ते थांबले. ‘टॉप गन’चा दुसरा भाग २०२० च्या जूनचा, लागला २०२२ च्या मे महिन्यात. हट्टच म्हणायचा पण फळला.

जपानमध्ये वेगळंच, तिथली थेटरं लवकर उघडली आणि ऑक्टोबर २०२० ला ‘डेमन स्लेयर’ या कार्टून मालिकेचा पिक्चर लागला त्याने तिथला कमाईचा तोवरचा विक्रम मोडला, ऐन साथीत. म्हणजे लोक थेटरला कंटाळले होते वगैरे जे तेव्हा रोज छापून येत होतं ते तुम्ही आता विसरा.

माझा मुलगा सोल, लुका, टर्निंग रेड हे सगळे टीव्हीवर बघत मोठा झाला. त्याला वाटतं हे टीव्हीचेच पिक्चर. थेटरात लागायला हवे होते ना हे? मला उगाच अपराधी वाटतं. – दोन मुलांची आई

हवे होते. ‘सोल’ २०२० च्या नाताळात, ‘लुका’ २०२१ च्या जूनमध्ये आणि ‘टर्निंग रेड’ २०२२ च्या मार्चमध्ये, तिन्ही अमेरिकेत थेट डिस्ने प्लसवर आले, आणि तिसऱ्याच्या वेळी तर थेटरं उघडी होती, तरी. ते बनवणाऱ्यांना किती लागलं असेल. २०२४ च्या सुरुवातीला तिकडे हे तिन्ही महिना-दीड महिन्याच्या अंतराने थेटरात लावले खरे, उशिरा का होईना.

पण अपराधी कशाला वाटून घेताय? मुलांनी ते पन्नास वेळा बघितलेत. थेटरात एकदाच बघितले असते. ‘सोल’मधला तो सीन आठवतोय का, तो माणूस पियानोसमोर बसतो आणि खिशातून दिवसभरात जमलेलं काहीबाही काढून समोर ठेवतो, झाडाचं पडलेलं एक बी वगैरे. माझ्या भाचीने तो सीन एवढ्या वेळा बघितलाय की तिच्या पण खिशात आता बिया सापडतात. कपडे धुताना आईची चिडचिड.

मी आणि दादा बॉन्डचा प्रत्येक पिक्चर पहिल्या दिवशी बघायचो, मी चौथीत असल्यापासून. ‘नो टाइम टू डाय’ २०२० च्या एप्रिलचा होता. मग नोव्हेंबर झाला, मग पुढच्या वर्षीचा एप्रिल, मग ऑक्टोबर. दर वेळी दादा कॅलेंडरवर जुनी तारीख खोडून नवीन लिहायचा आणि शिव्या घालायचा. २०२१ च्या मेमध्ये दादा गेला. कॅलेंडर मी काढून ठेवलंय, ऑक्टोबरच्या पानावर त्याच्या अक्षरात “बॉन्ड, नक्की!!” असं लिहिलेलं आहे. पिक्चर मी अजून बघितलेला नाही. सगळे म्हणतात बघून टाक, मोकळा होशील. तुमचं काय मत? – धाकटा

तुमचं पत्र मी दोनदा बाजूला ठेवलं.

बघून टाक म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. बघून टाकायला तो दाढदुखीचा विषय नाहीये. नाही बघितला तरी चालतो, कधीच नाही बघितला तरी चालतो, तुमच्या दोघांचे आधीचे सगळे बघून झालेत ना.

पण कधी बघावासा वाटला तर दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. तो १६३ मिनिटांचा आहे, म्हणजे रात्री जेवणं उरकून उशिरा लावू नका. आणि त्याचा शेवट हलका नाही. काय होतं ते मी सांगत नाही, पण तुम्ही ज्या मनाने बघायला बसाल त्या मनाला तो शेवट लागणार, म्हणून त्या दिवशी घरात आपलं कोणीतरी असू द्या. शेजारी बसलेलं नसलं तरी चालेल, आतल्या खोलीत असलं तरी पुरे.

कॅलेंडर जपून ठेवा. त्यावर पेनने लिहिलं असेल तर उन्हात भिंतीला लावू नका, शाई उडते.

आता पटापट.

कुठला पिक्चर कुठल्या ॲपवर आहे हे शोधण्यातच रात्र जाते. जस्टवॉच नावाची साइट आहे, तिथे पिक्चरचं नाव आणि आपला देश टाकला की दाखवते. पण आज आहे म्हणजे पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, करार संपला की पिक्चर उठून दुसरीकडे जातो, म्हणून यादीतलं जे जाणार आहे असं दिसतंय ते आधी बघा.

ब्लू-रेची डिस्क अजून घ्यावी का, लोक हसतात. हसू द्या. फोर-के डिस्कवर डेटा सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वरही जातो, स्ट्रीमिंगचा पंधरा-पंचवीसच्या घरात, अंधारे सीन बघितलेत की फरक डोळ्याला दिसतो, काळ्या रंगात ते चौकोन चौकोन येत नाहीत. शिवाय डिस्क कपाटातून उठून दुसऱ्या ॲपवर जात नाही. सगळ्यांच्या घेऊ नका, ‘परत लागेल तेव्हा’वाल्या ढिगातल्या दोन-चार घ्या.

नुसते ऑस्करवाले बघितले तर यादी छोटी होईल ना? होईल, आणि वाईट पण नाही होणार. ‘नोमॅडलँड’ आणि ‘कोडा’, दोन्ही वर्षांचे बेस्ट पिक्चर, एका शनिवार-रविवारात होतात. ‘नोमॅडलँड’ शक्यतो मोठ्या पडद्यावर, ते आभाळ छोट्यात मावत नाही. ‘कोडा’ कुठेही, फक्त रुमाल घेऊन.

१.२५ च्या स्पीडने बघितलं तर चालेल का? वेळ वाचतो. – घाईत

वाचतो. १७९ मिनिटांचं १४३ मध्ये होतं, हिशोब मी पण केला होता, आणि केलं पण होतं एकदा, ‘ड्राइव्ह माय कार’लाच. ते दोघं गाडीत गप्प बसलेले असतात ना लांबच्या लांब रस्त्यावर, ते घाईघाईने गप्प बसल्यासारखे दिसायला लागले. मग परत मागे जाऊन नीट बघितला. एकूण तीन तास चाळीस मिनिटं लागली.